भडगावातच बंद पडणारी पिकप

मिश्रीलालशेठची पिकप भडगावात तिसऱ्यांदा बंद पडली आणि माझं टाळकं सटकलं. बंद पडायला माझी हरकत नाही. गाड्या बंद पडतात म्हणून तर माझ्या घरची चूल पेटते. पण पडायचं तर माणसानं, म्हणजे गाडीनं, कुठंही पडावं ना! ही बया धुळ्याला जाऊन यायची, सरकी भरून शिंदखेड्याला जायची, वाटेत साधी शिंकायची नाही. भडगावच्या वेशीत शिरली की खलास. तीही दर वेळी एकाच घरासमोर, एकाच कडुनिंबाखाली.

साल एकोणसत्तर. पारोळ्यात धुळ्याच्या रस्त्याला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. सुकदेव मिस्त्री कुठं बसतो असं विचारलं, तर बैलगाडीवालासुद्धा बोट दाखवायचा. हातासाठी माझं नाव होतं तेवढंच तोंडासाठीही होतं, ते मी नाकबूल करत नाही. त्या पिकपची अख्खी वायरिंग मी स्वतः ओढलेली. पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मी कॉइल बदलली. दुसऱ्यांदा कंडेन्सर बदलला. तिसऱ्यांदा चावीचा स्विचच नवा टाकला. ड्रायव्हर झुलाल दर वेळी येऊन तेच सांगायचा, "नाना, तासभर थांबलो आणि आपोआप चालू झाली." आपोआप! माझ्या पंचवीस वर्षांच्या धंद्यात आपोआप बिघडलेल्या गाड्या मी ढिगानं पाहिल्या, आपोआप सुधारलेली एकही पाहिली नव्हती.

तिसऱ्या खेपेनंतर मिश्रीलालशेठ स्वतः दुकानात आले. पारोळ्यात गूळ, मीठ, गुरांची ढेप यांचा त्यांचा ठोक व्यापार. माणूस कधी आवाज चढवायचा नाही, आणि माझा जीव त्यानंच जास्त जळायचा.

"मिस्त्रीजी," ते म्हणाले, "भडगावची हवा तुमच्या वायरींना मानवत नाही का हो?"

"वायरींना हवा लागत नाही शेठ, करंट लागतो."

"मग तो भडगावात कुठं जातो?"

मी हातातला पाना उगाच पुसत बसलो.

"पुढच्या बाजाराला परत बंद पडली, तर गाडी धुळ्याला दाखवतो. वाईट वाटून घेऊ नका."

धुळ्याला! अहो, धुळ्याच्याच एका गॅरेजात मी सहा वर्षं काम शिकलो आणि उस्तादाशी भांडून, पाना आपटून बाहेर पडलो होतो. सुकदेवच्या हातची गाडी तिथं उघडून बघणार आणि दात काढणार? मी मेलो असतो तरी चाललं असतं. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, येत्या शनिवारी मी गाडीबरोबर जातो.

हे ऐकून झुलालचं तोंड एवढंसं झालं.

"कशाला नाना? उन्हाचे दिवस, तुमचं दुकान बंद राहील."

"माझ्या दुकानाची काळजी तू करू नकोस. सकाळी सातला."

हा झुलाल म्हणजे तेवीस वर्षांचा, अगदी गरीब गाय. रस्त्यात कोंबडी आडवी आली तर हॉर्न वाजवून तिला घाबरवायला नको म्हणून थांबणारा. सुट्टीच्या दिवशी माझ्या दुकानात येऊन बसायचा आणि मी काम करताना टक लावून बघत राहायचा. मी शिव्या दिल्या तरी हसायचा. असल्या पोरावर कोण संशय घेईल?

शनिवारी सकाळी गाडीत बसलो आणि पहिल्यांदा नाकाला अत्तर लागलं. मागं मिठाची पोती आणि ढेप भरलेली, आणि पुढं ड्रायव्हर कडक इस्त्रीच्या शर्टात, डोक्याला तेल चोपडून, नीट भांग पाडून बसलेला. मिठाची पोती उतरवायला कोण असा नटून जातो? मी मनात म्हटलं, आजकालची पोरं! तिथंच अक्कल चालवली असती तर पुढचा घाम वाचला असता.

रस्ताभर गाडी लोण्यासारखी चालली. मी कान लावून बसलो होतो. करंट मोजणारा काटा जागेवर, डायनामो ठणठणीत, आवाज एका लयीत. भडगावची वेस लागली. तो कडुनिंब दिसला. झुलालनं घसा खाकरला, आणि गाडी मेली.

कशी मेली ते ऐका. पेट्रोल कमी पडलं की गाडी खोकत खोकत, आचके देत मरते. करंट तुटला की एका दमात मरते. ही एका दमात मेली. म्हणजे रोग माझ्याच खात्यातला होता. मला तर बरंच वाटलं. म्हटलं, ये आता, सुकदेव समोर बसलाय.

उतरून बॉनेट उघडतो न उघडतो तोच माणसं जमा झाली. बाजाराचा दिवस, त्यात बंद पडलेली मोटर, आणखी काय पाहिजे लोकांना! एक म्हणाला, "नजर लागनी शे गाडीले, लिंबू बांधा." दुसऱ्यानं सांगितलं, तीन डाव पडली म्हणजे या जागेतच काहीतरी शे. कडुनिंबासमोरच्या घराच्या वट्ट्यावर, म्हणजे ओट्यावर, एक म्हातारा अंबाडीचा दोर वळत बसला होता. डोक्यावर भलं मोठं पागोटं आणि मिशा ही अशा! त्यानं वर न बघता विचारलं, "काय रे भो, आखो बंद पडनी का?"

"हो आबा," झुलाल मान खाली घालून म्हणाला.

"हाऊ कोन संगे?"

"मिस्त्री शेतस."

"मंग करा रिपेर," म्हातारा म्हणाला आणि परत दोर वळायला लागला. त्याचं नाव चुडामण आबा, हे मला मागाहून कळलं.

मी माझा दिवा काढला. बारा व्होल्टचा बल्ब, त्याला दोन वायरी. एक टोक बॉडीला लावायचं, दुसऱ्या टोकानं करंट शोधत जायचा. जिथवर दिवा लागतो तिथवर करंट आहे, जिथं लागत नाही त्याच्या अलीकडं चोर आहे. एवढंच शास्त्र, बाकी सगळी चिकाटी. बॅटरीवर दिवा लागला. हॉर्न वाजला. सेल्फ मारला तर इंजिन गरगर फिरलं, पण प्लगला ठिणगी नाही. चावीच्या स्विचवर दिवा लागला. कॉइलवर लागला नाही.

म्हणजे स्विच आणि कॉइल यांच्यामधली हातभर वायर. बस्स! एवढ्या हातभर वायरीनं महिनाभर मला गावात तोंड दाखवायची चोरी केली होती.

मी ती वायर बोटांत धरून तिच्या मागं निघालो. डॅशबोर्डाखालून ती सरळ इंजिनकडं जायला हवी. मीच तशी ओढली होती. पण ती खाली वळली, पायाशी गेली आणि ड्रायव्हरच्या सीटखाली घुसली. मी सीटखाली हात घातला. हाताला गोल, गुळगुळीत काहीतरी लागलं.

घरात दिवा लावायचं काळं बटण! लाकडाच्या गट्टूवर स्क्रूनं पक्कं बसवलेलं, टाचेनं दाबता येईल अशा बेतानं. आणि त्याला जोडलेल्या वायरीचे जोड? बघतच राहिलो. एकेक तार साफ केलेली, सात पीळ, वर सुताचा दोरा, दोऱ्यावर लाखेचा हात. सबंध खानदेशात असा जोड फक्त मी मारायचो. गाढवानं माझंच काम माझ्याच पुढ्यात बसून शिकून घेतलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, जोड माझ्यापेक्षा इंचभर सरस होता.

तेवढ्यात घराच्या दारातून एक पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. वीसेक वर्षांची असेल. दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्यागार बांगड्या, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. तांब्या तिनं झुलालच्या हातात दिला. झुलाल प्यायला लागला. अहो, एवढासा तांब्या, पण बेट्याचं पाणी काही केल्या संपेना! घोटाघोटाला तांब्याच्या कडेवरून बघायचा. तीही जागची हलेना. वट्ट्यावर दोर वळायचा थांबला होता. मी सीटखालून हे सगळं पाहिलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

"झुलाल," मी गोड आवाजात हाक मारली. माझा गोड आवाज ऐकला की ओळखीची माणसं पळून जातात. "इकडं ये बाळा. बॉनेटमध्ये डोकं घाल. जरा जोड दाखवायचाय तुला."

दोघांची डोकी बॉनेटमध्ये गेली. बाहेर वीसपंचवीस माणसं उभी, म्हणून मी कुजबुजलो, "हा पाना तुझ्या टाळक्यात घालू का?"

"नाना, पाया पडतो."

"कोण ती?"

"माझी बायको. कुंदा."

मग जे काही त्यानं इंजिनच्या कानात सांगितलं ते असं. लग्नाला वर्ष झालेलं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, तशी कुंदाही आली होती. भाऊ येऊन घेऊन गेला, हे रीतसर झालं. आता परत न्यायचं तर सासरचं कोणीतरी वडीलधारं माणूस न्यायला यायला हवं. नवऱ्यानं स्वतः उठून जायचं नसतं, त्यात दोन्ही घरांची शोभा. झुलालला बाप नाही. वडीलधारा म्हणजे एकटा काका, तोताराम. आणि या तोतारामाला लग्नाच्या पंगतीत तूप उशिरा वाढलं होतं! म्हणून तो अडून बसला, त्यांनीच पोरगी आणून सोडावी. चुडामण आबा म्हणाले, न्यायला कोणी आल्याशिवाय लेक धाडणार नाही, ती काय आम्हाला जड झालीय का? असा महिना गेला. मग कुणी आबांचे कान भरले आणि आबांनी रागाच्या भरात समाजाच्या पंचांना निरोप धाडला.

"परवा सोमवारी पंच येताय, नाना," झुलाल म्हणाला. "काडीमोड करताय. पंचांपुढं एक काडी मोडली की झालं. मग ती माझी कोणी नाही."

"आणि तू बटण दाबतोय! गाढवा, आबांशी बोलायचं सोडून?"

"जावयानं न बोलावता वट्ट्यावर कसं चढायचं? गाडी बंद पडलेल्या ड्रायव्हरला मात्र कोणीही पाणी देतं. म्हटलं, तेवढंच दिसेल. तीन वेळा दिसली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही चिडता नाना."

मी चिडतो! मला एवढा राग आला की काही विचारू नका. पण त्या पोराच्या डोळ्यांतलं पाणी टपकन कॉइलवर पडलं आणि माझा राग पार भलतीकडंच वळला, त्या तोतारामाच्या तुपाकडं. हातभर वायर तुटली तर मी जोडतो. आणि ही माणसं वाटीभर तुपासाठी पोरांचा संसार तोडायला बसली होती.

"ऐक," मी म्हटलं. "सीटवर जाऊन बस. मी 'मार' म्हटलं की बटण चालू करून सेल्फ मार. बाकी माझ्यावर सोड."

"काय करताय नाना?"

"रिपेर."

मी कॉइलकडून येणारी जाड वायर उपटून हातात घेतली आणि लोकांकडं वळलो. आवाज लावला तो थेट बाजारात ऐकू जाईल असा.

"मंडळी, रोग सापडला! ही वायर बॉडीला टेकते आणि सगळा करंट जमिनीत जातो. हिला अधांतरी ठेवायला हवं. मी हिला जोड देऊन आत ओढून घेतो. पारोळ्यापर्यंत कोणीतरी ती हातात धरून बसायचं, म्हणजे गाडी पळेल."

"मंग तुम्हीच धरा ना," एक शहाणा म्हणाला.

"पुरुषाचं काम नाही ते. आबा, तुम्ही जरा धरून बघता का?"

चुडामण आबा उठले. अंगानं दांडगा गडी, चारचौघांत मागं कसा सरणार? पुढं आले, वायर मुठीत धरली. मी म्हटलं, "मार!"

आबा जमिनीपासून वीतभर वर गेले! पागोटं एकीकडं, आबा दुसरीकडं. गर्दी हसली नाही, कारण आबांच्या मिशा उभ्या राहिल्या होत्या. मीही हसलो नाही. आतून मात्र पोट दुखत होतं.

"बघितलं? पुरुषाच्या अंगातून करंट सरळ जातो. बाईमाणसाच्या हातात काच असते, काचेतून करंट जात नाही. बांगड्या भरलेली बाई पाहिजे." आणि मी कुंदाकडं बोट दाखवणार, तोच घरातून तिची आई बाहेर आली. सुमनबाई. बुटकी, चपळ, डोळे असे की माणसाच्या आरपार बघावं.

"मी धरस," ती म्हणाली.

आता आली का पंचाईत! आबा लगेच म्हणाले, "हा, हाई जाई पारोळापावत. सांजले येष्टीवर परत ई." माझ्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहिलं, झुलाल सासूला शेजारी बसवून पारोळ्याला निघालाय. पण म्हटलं, हरकत नाही. हिलाही एक झटका बसला की प्रश्न मिटला. सुमनबाईंच्या हातात वायर दिली आणि ओरडलो, "मार!"

सेल्फ घुरघुरला. करंट आला नाही. येणार कुठून? गाढवानं बटण चालूच केलं नव्हतं. मागाहून विचारलं तर म्हणतो, "सासूबाईंना करंट कसा देऊ नाना, पाप लागेल."

माझा सगळा डाव फसला होता. मी घाबरून सुमनबाईंकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. एकदा झुलालकडं, एकदा लेकीकडं. आणि मग त्या बाईनं जी किंकाळी फोडली!

"मरनू वं माय!"

वायर फेकून ती मट्कन खाली बसली आणि हात झटकायला लागली. वायरीत करंटचा थेंब नव्हता, बरं का!

"पण आई, तुमच्या हातात तर काच आहे," मी चाचरत म्हटलं.

"मना काच जुना शे," ती म्हणाली. तोंडावरची सुरकुती हलली नाही. "जुना काच गयी जास. पोरना हातमां आखाजीना नवा काच शे. तिले धरू द्या."

मी पंचवीस वर्षं लोकांना वायरिंगच्या थापा मारत आलो, पण जुना काच गळतो हे मला सुचलं नसतं. कुंदा पुढं आली. वायर धरली. मी म्हटलं, "मार." सेल्फ फिरला, बटण अर्थातच बंद. ती शांत उभी.

"काहीच नही लागनं, आबा," ती म्हणाली. गर्दीतून एकदम "आ!" असा आवाज झाला. मी कपाळाचा घाम पुसला आणि म्हटलं, चला, जिंकलं मैदान.

आबांनी पागोटं उचललं, झटकलं, डोक्यावर ठेवलं. मग माझा दंड धरला आणि मला घरामागं गोठ्याकडं घेऊन गेले. दंडावरची पकड चांगलीच घट्ट होती.

"मिस्त्री, माले येडा समजतस का?"

मी कानावरची विडी चाचपली.

"तीन डाव गाडी मना दारपुढे बंद पडनी. तिसरा डावले तं मना कुत्राबी उठना नही. माले समजाव नही का?" ते खाली बोलत होते, पण एकेक शब्द गोफणीतून सुटल्यासारखा येत होता. "बाजारना दिन मी वट्टावर काबरं बसस? दोर वळाले? आते तरी कोनी ई, कोनी म्हनी, आबा, पोरले घेवाले उनू. हाऊ पोऱ्या येस, बोनेट उघडस, पानी पेस नि जास! त्याना काका येत नही, भाऊबंद येत नही. मनी पोर काय उकिरडावर पडेल शे का?"

"आबा, म्हणून तर मी—"

"तुम्ही काय? वायर धराले नेतस तिले? वाजागाजामां लगीन करेल शे मनी पोरनं. वायर धराले ती जाई का? कोनी घेवाले उना तं जाई. नही तं नही."

इतका वेळ मला गंमत वाटत होती. ती तिथं संपली. माझी लाजच वाटली मला. एवढी सगळी अक्कल लढवली, म्हाताऱ्याला हवेत उडवला, आणि जे साधं होतं ते करायचं कुणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही.

आबा दावणीच्या खुंट्याला टेकले. "पंचासले मीच बलावनं. रागमां शब्द निंघी गया. आते मांगे कसा लेऊ? रातभर डोया लागत नही मिस्त्री. पोर जेवत नही. तिनी माय मनासंगे बोलत नही." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि मी बघतोय असं दिसताच खेकसले, "करंटमुये पानी उनं डोयाले. कितला जोरमां व्हता!"

"आबा, मी न्यायला आलो तर चालेल?"

त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. मळून काळं पडलेलं धोतर, तेलाचे डाग पडलेला सदरा, कानावर विडी.

"मी झुलालच्या जातीचा नाही, नात्याचा नाही," मीच सांगून टाकलं. "आणि माझ्या तोंडामुळं माझे सख्खे भाऊबंदसुद्धा मला कुठल्या कार्याला पुढं करत नाहीत."

"उमर शे, डोकावर टोपी शे," आबा म्हणाले. "आखो काय जोयजे? पन चार मानसंसमोर बोलनं पडी. गुपचूप नही."

आम्ही परत पुढं आलो. लोक अजून उभेच होते. झुलाल सीटवर हातांत तोंड धरून बसलेला. आबा वट्ट्यावर चढले, पागोटं नीट केलं आणि माझ्याकडं बघत उभे राहिले. मी टोपी सरळ केली, तोंड उघडलं, आणि आवाज फुटेना! जो सुकदेव धुळ्याच्या रस्त्यावर उभा राहून पारोळ्याच्या किल्ल्यातल्या माणसाला शिवी ऐकवायचा, त्याला चार शब्द जुळवता येईनात. आयुष्यात मी पुष्कळ मागितलं होतं, पण भांडून. हात जोडून कधी काही मागितलं नव्हतं.

"आबा," मी कसाबसा बोललो, "पोरीला न्यायला आलोय."

"ऐकं का रे कोनी?" आबांनी गर्दीला विचारलं. "माले तं ऐकू उनं नही."

मग मात्र मी छाती भरून श्वास घेतला. "झुलालच्या घरून आलोय आबा! तुमच्या लेकीला न्यायला आलोय! महिनाभर उशीर झाला, तो पोटात घाला आणि लेक आमच्या पदरात घाला!"

मग आबांनी आतल्या बाजूला वळून हाक मारली, "सुमन! पाव्हनासले पाय धोवाले पानी आन. मांडे कर, रस काढ. सोमवारले पंच उनात तं त्यासलेबी हाईच जेवन देसूत. घेवाले मानूस उना व्हता, म्हनीसन सांगसूत."

झुलाल गाडीतून उतरला तो धडपडलाच. वट्ट्याच्या पायरीशी येऊन थांबला, चढू की नको अशा विचारात. आबा ओरडले, "ये ना वर, आते काय बोनेट उघडतस का?" तेव्हा चढला. मी पाटावर बसलो. जन्मात पहिल्यांदा कोणी माझ्या पायांवर तांब्यानं पाणी घालत होतं, आणि काळं पाणी वट्ट्यावरून खाली ओघळताना बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात आतून कुंदा आली. तिच्या मागं सुमनबाई पत्र्याची पेटी ओढत आली. पेटीला दोरी बांधलेली, वर धूळ बसलेली. ती आज बांधलेली नव्हती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"पोरी, आधी पाय पड नानासना," सुमनबाई म्हणाली.

कुंदा वाकली. आशीर्वाद द्यायला मी हात उचलला आणि तो तसाच हवेत राहिला. हाताला तेल, ग्रीस, बॅटरीचा काळा मळ. तिच्या डोक्यावर नुकता विंचरलेला भांग, वर स्वच्छ पदर. मी हात मागं घेतला आणि धोतराला पुसायला लागलो, पण तो मळ पंचवीस वर्षांचा, धोतराला पुसून निघणारा नव्हता.

ती वाकलेलीच राहिली.

"ठेवा ना, नाना," ती म्हणाली. "तुम्ही घ्यायला आलात ना?"

मग मी तसाच काळा हात तिच्या डोक्यावर ठेवला.